कातर लावण्याआधी

गणपती गेले की दिवाळीच्या कपड्यांचा विषय घरात निघतोच. नवरात्र आलं की गल्लीतला टेलर हात वर करतो, आणि तयार फ्रॉक आणावा तर आतली नेट पोरीला टोचते. तेव्हा यंदा स्वतःचा कुर्ता आणि पोरांचे कपडे घरीच शिवायचे असं मनात असेल तर आत्ताच लागा, पण मशीन पुसायला घेऊ नका. मशीनवर बसायचं ते सगळ्यात शेवटी. काय शिवायचं, त्याला किती कापड लागेल आणि कुठलं, एवढं आधी ठरलं तर साधा फ्रॉक एका दुपारी होतो. नाही ठरलं तर तोच फ्रॉक टाचण्यांसकट पिशवीत पडून राहतो.

पहिल्यांदाच शिवणार असाल तर मुलीला सरळ ए-लाइन फ्रॉक, मुलाला इलॅस्टिकची पँट आणि स्वतःला साइड कट असलेला साधा कुर्ता, एवढंच ठरवा. कॉलर, प्रिन्सेस कट आणि आत बसवायची चेन पुढच्या वर्षी बघू. मुलाच्या कुर्त्याची बटणपट्टी दिसते सोपी, पण सगळ्यात जास्त उसवावी लागते ती तीच. त्याऐवजी एका खांद्यावर दोन टिचबटणं लावली तरी काम भागतं. खिसा मात्र मुलांना विचारून ठेवा. कापडाचा रंग त्यांच्या लक्षात राहो न राहो, खिसा आहे की नाही हे ते पहिल्यांदा बघतात.

मापं एका वहीत, तारखेसकट लिहा. मुलांचं माप घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे सध्या नीट बसणारा एखादा कपडा उलटा करून खाकी कागदावर पसरायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. वर्तमानपत्र यासाठी नको, त्याची शाई फिक्या कापडाला लागते. रेघेबाहेर शिलाईसाठी अर्धा ते पाऊण इंच माया सोडा. बाजूच्या शिवणीत एक इंच सोडलात तर पुढच्या वर्षी कपडा उसवून मोठा करता येतो. वाढत्या अंगाला खाली दोन इंचांची दुमड हवीच. परकराला आतून एक आडवी टक, म्हणजे शिवलेली दुमड, घालून ठेवायची जुनी रीत फ्रॉकलाही चालते, पोर उंच झालं की टक सोडायची.

घरी शिवणारे एक माप बहुतेक वेळा विसरतात, ते म्हणजे डोक्याचा घेर. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण १८ इंच असतं आणि पाच वर्षांच्या मुलाचं २० च्या आसपास. छाती त्या मानाने फार मोठी नसते, त्यामुळे फ्रॉक अंगात बसतो पण डोक्यातून उतरत नाही. कागदावर गळा काढला की टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरा आणि गळ्याच्या गोलाईवरून वळवत न्या. पुढचा गळा अधिक मागचा गळा ही बेरीज डोक्याच्या घेरापेक्षा इंचभर तरी जास्त यायला हवी. कमी आली तर गळा खोल करत बसू नका, नाहीतर तो खांद्यावरून घसरेल. मागे चार-पाच इंचांची चीर देऊन वर एक बटण आणि दोऱ्याची लूप करा. गळ्याशी बांधायची नाडी किंवा लोंबणारे गोंडे मात्र लहान मुलांना नकोत. झोपाळ्यात, दाराच्या कडीत नाडी अडकली की गळ्याला फास बसतो. युरोपच्या सुरक्षा मानकांत तर लहान मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी ओढायची नाडी चालतच नाही.

तुमचं स्वतःचं माप दुसऱ्या कोणाकडून घ्या, आणि पोट आत ओढू नका.

आता कापडाचा हिशेब. दुकानदार मीटरमध्ये देतो आणि आपण इंचात कापतो, म्हणून मीटर म्हणजे ३९ इंच आणि वर थोडं, हे पक्कं ध्यानात ठेवा. त्याहून महत्त्वाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. कॉटन बहुधा ४४ इंच पन्ह्याचं मिळतं, काही हातमाग ३६ चे, काही कापडं ५८ ची, आणि खणाचा पन्हा नेहमीच्या कापडापेक्षा कमी. समजा कुर्त्याची उंची ४२ इंच आहे आणि सीटजवळ मायेसकट एक भाग २४ इंच रुंद येतोय. दोन भाग शेजारी ठेवले तर ४८ होतात, म्हणजे ४४ च्या पन्ह्यात ते बसत नाहीत. पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक घ्यावे लागतात, म्हणजे दुमडीसकट ८८ इंच. अडीच मीटर कापड ९८ इंच असतं, धुतल्यावर तीन-चार इंच आटेल असं धरून चाला. कुर्ता निघाल्यावर त्याच्या बाजूला २० इंच रुंद आणि ८८ इंच लांब पट्टा उरतो, आणि सगळी गंमत या पट्ट्यात आहे. त्यातून तुमच्या दोन बाह्या निघतात, २४ इंच जातात. उरलेल्या ६४ इंचांत तीन-चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा पुढचा-मागचा भाग आरामात बसतो, वर गळ्याच्या पट्टीपुरतं कापडही राहतं. मायलेकींचे जुळते कपडे अडीच मीटरमध्ये. दुकानात हाच हिशेब विचारलात तर उत्तर चार मीटर येईल, कारण तिथे प्रत्येक कपड्याचं कापड वेगळं धरतात.

मात्र हे कागदावर आधी मांडून बघा. चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे दोन इंच धरून पन्हा आखा आणि त्यात तुकडे बसवा. मोठे तुकडे आधी, पोरांचे मधल्या जागेत. सगळे तुकडे उभ्या धाग्यातच हवेत, जागा वाचवायला एखादा तिरका टाकला तर तो धुतल्यावर लोंबतो. छपाईत फुलं, हत्ती, मोर एकाच दिशेला तोंड करून असतील तर तुकडा उलटा फिरवता येत नाही. तेव्हा, आणि मोठ्या चौकड्या जुळवायच्या असतील तेव्हा, अर्धा मीटर जास्त घ्या. खणाचे काठ कुठे येणार, घेराला की बाहीला, हेही घरीच ठरवा.

खरेदीला मंगलदास मार्केटच्या तोडीचं ठिकाण मुंबईत नाही, असं माझं ठाम मत आहे. रविवारी ते बंद असतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनी शनिवार धरावा. मरीन लाइन्स किंवा मशीद स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही सुरू झालं आहे. मुलांना घेऊन जाऊ नका. लेस, बटणं, गोंडे, किनारी यांसाठी तिथून भुलेश्वरला वळा, पण आधी कापड हातात येऊ द्या, लेस नंतर. दादरकरांना आणि परळकरांना हिंदमाताचं कापड मार्केट जवळचं, फक्त पावसाचा रंग बघून निघा. तिथे पाणी कसं तुंबतं हे मुंबईकराला सांगायला नको.

दुकानात गेल्यावर आधी पन्हा स्वतःच्या टेपने मोजा, ४४ म्हणून दिलेलं कापड ४२ भरू शकतं. मग कापडाचं टोक मुठीत घट्ट चुरगळून दहा आकडे मोजा आणि सोडा. घड्या तशाच राहिल्या तर ते कापड ऑफिसला लोकलने जाणाऱ्याचं नव्हे. कापड उजेडाकडे धरून बघा. आरपार हात दिसला तर अस्तराचे पैसे धरा. छपाईची रेघ आडव्या धाग्याला समांतर आहे का हे काठापाशी कळतं, तिरकी असेल तर कितीही सरळ कापा, कुर्ता वाकडाच दिसणार. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासा. बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत ट्यूबलाइटचा उजेड असतो, अस्तर जुळवायचं तर दोन्ही तुकडे घेऊन दारापर्यंत या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. शुद्ध कॉटन म्हणून दिलेल्याची शंका आली तर घरी येऊन काठाचे चार धागे चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलांच्या अंगाला मलमल, केंब्रिक किंवा धुऊन मऊ झालेलं पॉपलिनच बरं. इकत, कलमकारी, अजरख हे सुती असतील तर उत्तम, मात्र निळ्या-लाल अजरखाशेजारी पांढरं अस्तर लावण्यापूर्वी रंग जातो का ते बघून घ्या. खण, टिश्यू, जरी मुलांना हवीच असेल तर आत पूर्ण सुती अस्तर द्या आणि जरीचा काठ गळ्याशी न लावता घेराला लावा. नेटचे फुगीर घेर दिवाळीत मला पटत नाहीत. फुलबाजीची ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं.

घरातली जुनी साडी हा तर सुंदर कापडाचा हाताशी असलेला साठा. पाचवारीत साडेपाच मीटर कापड असतं, त्यात आईचा कुर्ता आणि दोन पोरांचे कपडे निघतात. पण रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली असेल तर घडीच्या रेघेवर धागा कुजलेला असतो. साडी खिडकीपाशी धरा, घडीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच ताणा. बारीक कर्रकन आवाज आला किंवा उजेडाचे टिपके दिसले तर ती रेघ कुठल्याही तुकड्यात येऊ देऊ नका, विशेषतः मुंढ्यात, म्हणजे बाही जोडते तिथे. आणि साडी ज्यांची आहे त्यांना आधी विचारा. कातर लागल्यावर रुसवे निघत नाहीत.

कापड आणलं की त्याच रात्री भिजत घाला. कॉटन, अस्तर, सुती किनार, सगळं, आणि गडद रंग वेगळे. अस्तर भिजवायचा कंटाळा केला तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड घेरापाशी फुगतं. रेशीम आणि पैठणी भिजवू नका. खणात आता कृत्रिम धाग्याचे प्रकारही येतात, म्हणून आधी कोपरा ओला करून बघा. सावलीत वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. पाऊस रेंगाळला असेल तर आपल्या फ्लॅटमध्ये वाळायला दोन दिवस धरा. मग आडवा एक धागा ओढून काढा, त्या जागी जी रेघ उमटेल तिथे कापून टोक सरळ करा. दुकानातली कात्री क्वचितच सरळ चालते.

बाकी सामानाचं फार नाही. कापडाची कातर वेगळी, आणि ती मुलांच्या क्राफ्टच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. खडू, टाचण्या, टेप, उसवायची सुरी, कापडाच्या रंगापेक्षा अर्धा छटा गडद दोरा. सुई नवी घ्या. मलमलीला ११ नंबर, पॉपलिनला १४, ताणणाऱ्या होजिअरीला बोथट टोकाची. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा गोल, त्यामुळे दुकानात सांगूनच घ्या. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या मशीनला तेल घातलंत की आधी चिंध्यांवर टीप मारा, नाहीतर पहिला काळा डाग नव्या कापडावर. रात्री शिवणार असाल तर मशीनखाली जाड सतरंजी घाला, खालच्या मजल्यावरच्यांची झोप तेवढी वाचते.

कापायला मुंबईच्या घरात टेबल कुठलं, जमीनच. पोरं झोपल्यावर फरशी पुसून कोरडी करा, पंखा बंद करा, आणि कापड उलटी बाजू वर करून पसरा. सगळे तुकडे आधी आखा, मग कापायला घ्या. एक आखला की कापला असं नको. कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने पुढचा, मागचा, डावा, उजवा लिहा. साध्या रंगाच्या कापडात दोन डाव्या बाह्या निघणं फार सोपं असतं.

खांदे आणि बाजू धावदोऱ्याने जोडून मुलाच्या अंगावर घालून बघा, टाचण्यांनी नव्हे. वेळ जेवणाआधीची निवडा, तेव्हा मुलं जरा उभी राहतात. नंतर पोट इंचभर पुढे आलेलं असतं आणि माप चुकतं. हात वर करायला सांगा, खाली बसवा, उडी मारू द्या. मुंढ्यात ओढत असेल तर आत्ताच पाव इंच खोल करा. बटण लावून झाल्यावर सगळा जोर लावून ओढा. तुमच्या हातात आलं तर बाळाच्या तोंडात जायला वेळ लागणार नाही. खालची दुमड मात्र शिवू नका, टाचून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात एकदा अंगावर घालून उंची बघा आणि मगच शेवटची टीप मारा.