जर्मनचा शब्दकोश घेताना या चुका टाळा

मी पुण्यात जर्मन शिकवते. नवा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "मॅडम, कुठला शब्दकोश घेऊ?" तोवर निम्म्यांनी काहीतरी घेऊन टाकलेलं असतं. कुणाकडे खिशात मावणारा कोश, कुणाकडे फोनवरचं फुकटचं ॲप. एका शब्दापुढे एक अर्थ, संपलं.

या एका अर्थाच्या कोशावर माझा खरा राग आहे. माझा एक विद्यार्थी शिकायला स्टुटगार्टला गेला. खोली शोधत होता. घरमालकाचा निरोप आला: "इश झागे डेन टेर्मीन आम फ्रायटाग आप." मुलगा कष्टाळू, प्रत्येक शब्द कोशात पाहिला. झागेन म्हणजे सांगणे, टेर्मीन म्हणजे भेटीची वेळ, फ्रायटाग म्हणजे शुक्रवार, आप म्हणजे पासून. त्याला वाटलं, शुक्रवारची भेट ठरली. तो तासभर रेल्वेने गेला आणि बंद दारासमोर उभा राहिला. निरोपाचा अर्थ होता, 'शुक्रवारची भेट मी रद्द करतो.' क्रियापद झागेन नव्हतंच, आपझागेन होतं. जर्मनमध्ये अशा क्रियापदाचा पुढचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचायचं, तिथला तुकडा उचलून क्रियापदाला पुढून जोडायचा आणि मग कोश उघडायचा. त्या कोशात आपझागेन नव्हताच, त्यामुळे मुलाला मी दोष देत नाही.

दुकानात मी तीनच शब्द काढून बघते. पहिला लायटर: आधी पुल्लिंगी 'डेअर' लावलं तर प्रमुख, स्त्रीलिंगी 'डी' लावलं तर शिडी. दुसरा बांक: म्हणजे बाकही आणि बँकही, पण बाकांचं अनेकवचन बेंके आणि बँकांचं बांकेन. तिसरा आपझागेन. लिंग, अनेकवचन आणि सुटणारं क्रियापद, या तिन्हींची नोंद नीट सापडली तरच पैसे द्यायचे.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: कोशातला इंग्रजी अर्थ पाठ करतात. आपल्याला कोश बहुतेक वेळा जर्मन-इंग्रजीच मिळतो, ते ठीक. पण इंग्रजीच्या 'नो'मध्ये केनेन आणि विसेन ही दोन क्रियापदं एकत्र कोंबली जातात. मराठीत ती आधीच वेगळी आहेत: माणसाला ओळखणे ते केनेन, गोष्ट माहीत असणे ते विसेन. डू आणि झी यांचंही तेच. आपल्याकडे तू आणि तुम्ही असताना इंग्रजीच्या 'यू'मधून कशाला जायचं? तीन लिंगंसुद्धा आपल्याला नवी नाहीत. मेडशेन म्हणजे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी कसा, म्हणून इतर लोक अडखळतात, पण आपण 'ते पोरगं' रोज म्हणतो. अर्थात प्रत्येक शब्दाचं लिंग मराठीशी जुळत नाही, म्हणून ते शब्दासोबतच पाठ करायचं. माझ्या कोशाच्या समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले आहेत. हे काम वेळ खातं आणि घाईतली मुलं ते टाळतात. सहा महिन्यांनी तीच मुलं विचारतात, शब्द लक्षात का राहत नाहीत?

अप्पा बळवंत चौकात जुना कोश स्वस्तात मिळाला तर छपाईचं वर्ष बघा. 1996 च्या सुधारणेने स्पेलिंग बदलली आणि 2006 मध्ये त्यात पुन्हा दुरुस्त्या झाल्या. 2006 च्या आधीचा कोश नवशिक्याने घेऊ नये.

नावावर भुलून डूडेनचा पिवळा जाडजूड खंडही आणू नका. 1880 पासून चालत आलेला तो मोलाचा कोश आहे, पण मुळात जर्मन लोकांना शुद्धलेखनासाठी. पुष्कळ शब्दांना त्यात अर्थच दिलेला नाही. जर्मन-जर्मन कोश हवाच असेल तर मुखपृष्ठावर 'डॉइच आल्स फ्रेमडश्प्राखे', म्हणजे परकी भाषा म्हणून जर्मन, असं लिहिलेला घ्या. तोही साधारण बी-वन, म्हणजे सहापैकी तिसरी पातळी गाठल्यावर. त्याआधी घेतलात तर एका शब्दासाठी आणखी पाच शब्द शोधत बसाल.