सेगमेंट राउटिंग: परीक्षेआधी लेबलचं गणित पक्कं करा

सीसीएनपी सर्व्हिस प्रोव्हायडरची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची, तयारी करताय ना, मग आरएफसी (इंटरनेटची मानकं) वगैरे नंतर. सेगमेंट राउटिंगमध्ये पॅकेटचा रस्ता त्यावर लावलेल्या लेबलच्या आकड्यांनी ठरतो, म्हणून आधी एसआरजीबी, म्हणजे त्यासाठी राखलेली लेबलची रेंज, डोक्यात बसवा. सिस्कोमध्ये डिफॉल्ट रेंज १६००० ते २३९९९, आणि प्रीफिक्स सिडचा (राउटरच्या पत्त्याच्या ओळखीचा) इंडेक्स रेंजच्या पहिल्या आकड्यात मिळवायचा, म्हणजे आर५ ला (राउटर ५) इंडेक्स ५ दिला की सगळ्या राउटरवर त्याचं लेबल १६००५, बास. ही माहिती आयएसआयएस किंवा ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉलच बाकी राउटरना पोचवतो, लेबल वाटायचा वेगळा प्रोटोकॉल, एलडीपी, लागतच नाही.

अ‍ॅडजसन्सी सिड मात्र वेगळं प्रकरण, ते त्या राउटरपुरतं लोकल असतं आणि ठराविक लिंकवरूनच पॅकेट ढकलतं. समजा आर१ वरून पॅकेट आर३-आर४ लिंकनेच आर५ ला न्यायचंय, तर स्टॅक (पॅकेटवरची लेबलांची चळत) असा: वर १६००३, मग आर३ ने त्या लिंकला दिलेलं लेबल, समजा २४००७, खाली १६००५. रस्ता आर१ च ठरवतो, मधल्या राउटरना आरएसव्हीपी-टीई या दुसऱ्या पद्धतीसारखं स्टेट, म्हणजे प्रत्येक रस्त्याची नोंद, सांभाळायची कटकट नाही, प्रश्न हमखास इथेच फिरवून विचारतात.

लॅबमध्ये शो एमपीएलएस फॉरवर्डिंग मारा, आर५ च्या अलीकडच्या राउटरवर १६००५ समोर पॉप दिसलं तर घाबरू नका, डिफॉल्ट पीएचपी आहे ते, म्हणजे शेवटच्या आधीचा राउटरच लेबल काढून टाकतो. इंडेक्स दोन राउटरना सारखा देऊ नका फक्त.