एनसी-शून्य सिद्धता-प्रणाली: या चुका टाळा

बेळगावात दर रविवारी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गात खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुले येतात. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यम आणि पुढे सगळेच इंग्रजीतून, अशी बहुतेकांची वाटचाल असल्यामुळे ‘सिद्धता’ म्हटले की त्यांना भूमितीचे प्रमेयच आठवते. संगणकशास्त्रातल्या एनसी-शून्य सिद्धता-प्रणालीत मात्र सिद्धता हाताळते ते सर्किट, म्हणजे ० आणि १ वर चालणाऱ्या गेटांचे जाळे. या सर्किटांच्या बाबतीत त्यांच्या वह्यांतून पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या चुका पुढे मांडल्या आहेत.

सर्किट उलट्या दिशेने वाचणे ही सर्वांत मोठी चूक. कुक आणि रेकहाउ यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार सिद्धता-प्रणाली म्हणजे बहुपदी वेळेत (इनपुटाच्या लांबीच्या एखाद्या बहुपदीइतक्या पायऱ्यांत) काढता येणारे असे फलन, की त्यातून बाहेर पडणाऱ्या शब्दांचा संच नेमका आपल्या भाषेइतका असतो. इथे शब्द म्हणजे ० आणि १ ची ओळ आणि भाषा म्हणजे अशा शब्दांचा संच. आत जाते ती सिद्धता आणि बाहेर पडतो तो शब्द. एनसी-शून्य प्रणालीत प्रत्येक लांबीसाठी एक सर्किट असते आणि त्याचा प्रत्येक आउटपुट बिट ठरावीक संख्येच्या इनपुट बिटांवरच अवलंबून असतो. तरीही मुले शब्दच आत घालतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ची वाट पाहत बसतात. मग ज्या शब्दांत १ ची संख्या सम आहे त्यांची भाषा समोर आली, की ‘पॅरिटी तर एसी-शून्यातही बसत नाही, मग इथे कशी बसणार?’ असे लिहून मोकळी होतात. (पॅरिटी म्हणजे १ ची संख्या सम की विषम हे ओळखणे; एसी-शून्य म्हणजे ठरावीक खोलीची, पण गेटला कितीही इनपुटे चालणारी सर्किटे.)

यावर मी आठ जणांना गोल बसवले. प्रत्येकाने चिठ्ठीवर ० किंवा १ लिहायचे आणि आपला आकडा उजवीकडच्या शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा वेगळा असेल तर उभे राहायचे. चिठ्ठ्या कशाही लिहिल्या तरी उभे राहणाऱ्यांची संख्या समच येते, आणि सम संख्येची कोणतीही मांडणी योग्य चिठ्ठ्यांनी घडवता येते. प्रत्येकाने पाहिले दोनच चिठ्ठ्यांकडे. एकूण १ सम आहेत की विषम, हे ओळखण्याचे काम कोणी केलेच नाही.

दुसरी चूक ‘नकार’ देण्याची. ‘किमान एक १’ असलेल्या शब्दांच्या भाषेसाठी एका मुलाने लिहिले होते, ‘सगळे ० आले तर पहिला बिट १ करावा.’ विचार चांगला आहे. पण मग पहिला बिट सगळ्या इनपुटांवर अवलंबून राहतो. कोणतेही इनपुट आले तरी भाषेतलाच शब्द निघावा, ही हमी स्थानिक पातळीवरच मिळवावी लागते. त्यासाठी शब्दाबरोबर बिटांची एक साहाय्यक ओळ घ्यावी, तिच्या आरंभी ० आणि शेवटी १ पक्का करावा, आणि जिथे ही ओळ ० वरून १ वर जाते तिथे आउटपुट १ द्यावा. इतर ठिकाणी शब्दातला बिट तसाच जाऊ द्यावा. ० पासून १ पर्यंत जाताना कुठेतरी उडी पडतेच, आणि प्रत्येक बिटाला तीनच इनपुट लागतात.

‘भाषा सोपी, म्हणून प्रणालीही सोपी’ हा समज मात्र सहजासहजी जात नाही. ‘नेमका एकच १’ ही भाषा ओळखायला अगदी सोपी आहे, तरी तिला एनसी-शून्य प्रणाली नाही. समजा, शब्दाची लांबी ६५ आहे आणि प्रत्येक आउटपुट जास्तीत जास्त ३ इनपुटांवर अवलंबून आहे. दोन आउटपुटांत एकही इनपुट सामाईक नसेल, तर दोन्ही एकाच वेळी १ करता येतील. म्हणून कोणत्याही दोघांत एक तरी इनपुट सामाईक असलेच पाहिजे. आता पहिल्या आउटपुटाची तिन्ही इनपुटे गोठवा. याचे ८ प्रकार होतात, त्यामुळे त्यांतल्या एका प्रकारात किमान ९ आउटपुट अजून १ होऊ शकतात आणि प्रत्येकाकडे जास्तीत जास्त २ इनपुटे उरतात. उरलेल्यांपैकी एकाची इनपुटे पुन्हा गोठवली की किमान ३ उरतात, आणखी एकदा गोठवल्यावर किमान २. त्यांच्याकडे आता बदलण्याजोगे इनपुट नाही आणि दोन्ही १ आहेत. इनपुटांची मर्यादा ३ ऐवजी कितीही ठरवली, तरी पुरेशा लांब शब्दावर हीच अडचण येते. याउलट बायर्सडॉर्फ, मीना महाजन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या शोधनिबंधात एनसी-शून्य प्रणाली असलेल्या भाषांत एनपी-पूर्ण भाषाही आहेत, म्हणजे एनपीतल्या (पुरावा दिल्यास बहुपदी वेळेत तपासता येणाऱ्या) भाषांपैकी सर्वांत अवघड.

एनसी-शून्य आणि एसी-शून्य यांची गल्लत करू नये. गेटला कितीही इनपुटे देता आली, की एनपीतल्या प्रत्येक भाषेला प्रणाली मिळते: सिद्धतेतच गणनेचा पूर्ण तक्ता लिहायचा, शेजारच्या चौकटी एकमेकींशी जुळतात का ते पाहायचे आणि कुठेही विसंगती आढळल्यास भाषेतला एक ठरलेला शब्द द्यायचा.

नावातल्या साम्यामुळे एसी-शून्य फ्रेगेलाही याच खात्यात टाकले जाते. फ्रेगे म्हणजे तर्कशास्त्रातली, नियमांनी एकेक सूत्र लिहीत पुढे जाणारी सिद्धता-पद्धत. तिथे बंधन असते ते सिद्धतेच्या ओळींतील सूत्रांच्या खोलीवर. कबुतरखान्याच्या तत्त्वाला (खणांपेक्षा कबुतरे जास्त असतील तर एका खणात किमान दोन येतात) तिथे बहुपदी लांबीची सिद्धता नाही, हे आयताई यांनी १९८८ मध्ये दाखवले, पण त्यावरून एनसी-शून्य प्रणालींबद्दल काहीच निष्कर्ष निघत नाही.