मोटरच्या सिम्युलेशनमध्ये सिमेट्री वापरताय? या चुका टाळा

४८ स्लॉट (तारेच्या गुंडाळीच्या खाचा) आणि ८ पोल (चुंबकीय ध्रुव) असलेली मोटर संगणकावर पूर्ण ३६० अंशांत सोडवायची गरज नसते. ४५ अंशांचा एक तुकडा घेतला, म्हणजे सहा स्लॉट आणि एक पोल, की काम भागतं. मेश, म्हणजे गणितासाठी मोटरचे पाडलेले बारीक भाग, आठपट लहान होते. पण तुकडा कुठे कापायचा हे बरेच जण नुसतं ड्रॉइंग पाहून ठरवतात आणि तिथेच फसतात. आकार सारखा दिसला म्हणून चुंबकीय क्षेत्र सारखं असेलच असं नाही, आणि क्षेत्र सारखं असलं तरी तापमान सारखं असेल याची खात्री नाही. ही तिन्ही वेगवेगळी तपासावी लागतात.

मसावि काढताना काहीतरी सुटतं

परमनंट मॅग्नेट मोटरसाठी (जिच्या फिरत्या भागात, म्हणजे रोटरमध्ये, कायमचे चुंबक असतात) सुरुवात स्लॉट आणि पोल यांच्या मसाविने करा. ४८ आणि ८ चा मसावि ८, म्हणून एक अष्टमांश मॉडेल. १२ स्लॉट आणि १० पोल असतील तर मसावि २, म्हणून अर्धं. ९ स्लॉट आणि ८ पोलला मसावि १, तिथे पूर्ण मोटर सोडवण्यावाचून गत्यंतर नाही.

इंडक्शन मोटरमध्ये रोटरचे बारही, म्हणजे त्यातल्या धातूच्या पट्ट्याही, या हिशेबात येतात. ४ पोल, ३६ स्लॉट, २८ बार असतील तर पाव मॉडेल चालतं: ९ स्लॉट, ७ बार. पुढे डिझाइन सुधारताना बार ३० झाले की मसावि २ वर येतो, कारण पाव तुकड्यात साडेसात बार बसणार कसे? जुनी फाइल उघडून तेवढाच बदल करणाऱ्याच्या हे हमखास नजरेतून सुटतं. आकड्यांनंतर वाइंडिंगही (तारेची गुंडाळी) त्याच अंतराने पुन्हा तसंच येतं का, ते बघा. स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) बाहेरचे बोल्टचे कानही मोजा. कान ६ आणि तुकडे ८ असतील तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला सारखं लोखंड येत नाही.

काठावरचं चिन्ह

तुकड्यात पोलची संख्या विषम असेल तर दोन्ही काठांवरचं क्षेत्र उलट चिन्हाचं असतं, सम असेल तर त्याच चिन्हाचं. ४८ स्लॉट आणि ८ पोलच्या तुकड्यात एकच पोल, म्हणून तिथे अँटिपिरिऑडिक कंडिशन (एका काठावरचं मूल्य दुसऱ्यावर उलट चिन्हाने). ३६ स्लॉट आणि ८ पोलच्या तुकड्यात दोन पोल, तिथे साधी पिरिऑडिक (दोन्ही काठांवर तेच मूल्य).

एका पोलच्या तुकड्याला चुकून साधी पिरिऑडिक दिली की काय होतं, ते एकदा मुद्दाम करून पाहा. आठही पोल नॉर्थ आहेत असंच आपण सॉल्व्हरला (गणित करणाऱ्या प्रोग्रामला) सांगितलेलं असतं. फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) परतायला शेजारी साउथ पोल नाही, म्हणून रेषा मॅग्नेटच्या कडेने दाटीवाटीने माघारी वळतात. गणित मात्र विनातक्रार पूर्ण होतं! म्हणून टॉर्कचा (फिरवणाऱ्या जोराचा) आकडा बघण्याआधी फ्लक्सच्या रेषा बघा. काठावर कंडिशन द्यायचीच राहिली असेल तर व्हेक्टर पोटेन्शियल (ज्यावरून चुंबकीय क्षेत्र काढतात ती राशी) वापरणाऱ्या २डी मॉडेलमध्ये त्या रेषा काठाला बरोबर काटकोनात जाऊन भिडलेल्या दिसतील.

अर्ध्या पोलचं आरशासारखं मॉडेल नो-लोडला (मोटरवर भार नसताना), रोटर नेमक्या सममित जागी उभा असताना जमतं. वाइंडिंगमध्ये लोडचा करंट आला की ती सिमेट्री मोडते.

कशाला किती गुणायचं

पूर्ण मोटरसाठी तुकड्याचा टॉर्क आणि लॉस (वाया जाऊन उष्णता होणारी शक्ती) आठपट, यात गोंधळ होत नाही. व्होल्टेजमध्ये मात्र होतो. एका फेजचे कॉइलचे आठ गट सिरीजमध्ये असतील तर फ्लक्स लिंकेज (कॉइलमधून जाणारा एकूण फ्लक्स, ज्यावर व्होल्टेज ठरतं) आठपट, दोन पॅरलल पाथ (करंटच्या समांतर वाटा) असतील तर चौपट, चार असतील तर दुप्पट. कॉइलमधला करंटही पॅरलल पाथच्या संख्येने भागायचा. काही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, मग आपण पुन्हा गुणून बसतो. उत्तरातला फरक नेमका २, ४ किंवा ८ पट असेल तर मेशला दोष देऊ नका, आधी हे गुणक तपासा.

थर्मल मॉडेलमध्ये सर्वांत जास्त घात होतो

पहिली चूक म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक मॉडेलच्या कंडिशन जशाच्या तशा उचलणं. तापमानाला नॉर्थ-साउथ नसतो. अँटिपिरिऑडिक कंडिशन तशीच राहिली आणि गणित सेल्सिअसमध्ये चाललं असेल, तर कापलेला काठ शून्य अंशाकडे ओढला जातो, जणू तिथे बर्फ लावलाय. थर्मलला साधी पिरिऑडिक द्या. लॉसही एका क्षणाचे घेऊ नका, पूर्ण इलेक्ट्रिकल सायकलची सरासरी घ्या.

दुसरी चूक कूलिंगची. समजा एकूण लॉस ३ किलोवॅट आहे आणि जॅकेटमधून (मोटरभोवतीच्या पाण्याच्या आवरणातून) मिनिटाला ६ लिटर पाणी वाहतं. आत येताना आणि बाहेर पडताना पाण्याच्या तापमानात साधारण ७ अंशांचा फरक पडेल. जॅकेटच्या वाटा समांतर असतील तर एका तुकड्याच्या वाट्याला पाऊण लिटर येतं, आणि तेवढंच द्यायचं. पण एकच नळी मोटरभोवती वळसे घेत जात असेल तर प्रत्येक तुकड्यावरून पूर्ण ६ लिटर वाहतात. तिथे आठने भागलं की पाण्याचा वेग पडतो, उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते आणि वाइंडिंग विनाकारण तापलेलं दिसतं. याच्या उलट चूक, म्हणजे समांतर वाटा असताना तुकड्याला पूर्ण ६ लिटर देणं, जास्त घातक, कारण तिच्यामुळे मोटर थंड असल्याचा भास होतो.

आडव्या बसवलेल्या, वाऱ्याने थंड होणाऱ्या मोटरचं घर (बाहेरचं कवच) मी तुकड्यात सोडवत नाही. गरम हवा वर चढते, एका बाजूला टर्मिनल बॉक्स असतो, त्यामुळे वर-खाली फरक पडतोच. रोटर मात्र फिरत असतो, स्टेटरचा गरम-गार भाग त्याच्यासाठी सरासरीत येतो, म्हणून त्याला तुकडा पुरतो. लांबीच्या दिशेने अर्धं मॉडेल घेताना दोन गोष्टी विचारा: रोटरला सरळ स्क्यू (लांबीच्या दिशेने एकसारखा तिरपेपणा) आहे का, आणि पंखा एकाच टोकाला आहे का? पहिलीने चुंबकीय सिमेट्री जाते, दुसरीने थर्मल.

कुठल्याही थर्मल उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी तुकड्यातून बाहेर पडणारी उष्णता मोजा. ३ किलोवॅटच्या मोटरच्या अष्टमांशातून ३७५ वॅटच बाहेर पडायला हवेत. त्या जागी ३००० दिसले तर पूर्ण मोटरचा लॉस एका तुकड्यात ओतला गेलाय.

बिघाड शोधायचा असेल तर

रोटर सरकलेला, एक बार तुटलेला, एका कॉइलमध्ये शॉर्ट, असं काही तपासायचं असेल तर पूर्ण मॉडेलच घ्या. तुकड्याच्या आठ प्रतींची बाजूची ओढ एकमेकींना खोडते, म्हणून ती नेहमी शून्यच येणार. आणि अष्टमांश मॉडेलमध्ये एक मॅग्नेट कमजोर केलात, तर तुम्ही तपासताय ती आठही मॅग्नेट कमजोर झालेली मोटर.