नदीकाठानं सायकल: नकाशा, वारा आणि चिखल

नदीच्या खोऱ्यातून चार-सहा दिवस सायकल चालवायची म्हणजे रस्ता सपाटच असणार, असं धरून बहुतेक जण निघतात. मीही पहिल्यांदा तेच धरलं होतं. नकाशावर निळी रेघ, तिला चिकटून रस्ता, अंतर 80 किलोमीटर. दुपारी तीनपर्यंत माझ्या मांड्या भरून आल्या होत्या आणि नदी मात्र दिवसभर उजव्या हाताला संथ वाहत होती. चढ नदीला नव्हता, रस्त्याला होता. तेव्हापासून दुसऱ्या दिवशीचा नकाशा आदल्या संध्याकाळी वाचल्याशिवाय मी झोपत नाही.

वाचायचं काय, ते सांगते. शाळेत भूगोलात नागमोडी वळणं शिकलो होतो, ती इथे उपयोगाला येतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर जास्त, म्हणून नदी तिथे काठ खात जाते आणि कधी कधी थेट टेकडीच्या पायथ्याला भिडते. आतल्या बाजूला पाणी मंदावतं, गाळ टाकतं, तिथे सपाट मळई तयार होते. रस्ता बाहेरच्या काठावर असेल तर त्याला पाणी आणि टेकडी यांच्यामध्ये जागाच उरत नाही. मग तो टेकडीवर चढतो, उतरतो आणि पुढच्या वळणाला पुन्हा चढतो. प्रत्येक चढ 30-40 मीटरचाच, पण दिवसात असे दहा झाले की घाट चढल्यासारखंच होतं.

म्हणून नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चालू करा आणि नदी उगमाकडून खाली बोटानं गिरवत जा. जिथे रेषा दाटीनं पाण्याजवळ येतात तो काठ टाळायचा, जिथे त्या लांब पळतात तो धरायचा. वळण बदललं की चांगला काठही बदलतो, त्यामुळे पुलांवर खुणा करणं फार महत्त्वाचं. दोन पुलांमध्ये 20 किलोमीटर अंतर असेल आणि आपण चुकीच्या काठाला राहिलो, तर तेवढं अंतर चढउतार सोसत जावं लागतं. होडीची सोय असेल तर तिच्या वेळा त्याच संध्याकाळी बघून ठेवा. युरोपातली डॅन्यूब नदी जर्मनीतल्या पासाऊच्या पुढे, ऑस्ट्रियातल्या श्ल्योगेनजवळ जवळजवळ उलटी फिरते. तिथे डाव्या काठची वाट मध्येच तुटते आणि सायकली होडीतून पुढे न्याव्या लागतात. मी हे आधी वाचलेलं होतं, म्हणून होडी येईपर्यंत काठावर बसून मजेत पाय पाण्यात सोडले.

आता उतार आणि वारा. नदीबरोबर खाली जायचं की उलटं वर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर: वाऱ्याला विचारा. पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर 300 किलोमीटरच्या वर आहे आणि तेवढ्यात डॅन्यूब जेमतेम दीडशे मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास. माणूस, सायकल आणि सामान मिळून 100 किलो धरलं, तर या उतारानं मिळणारी मदत 50 ग्रॅम वजनानं ओढल्याइतकी होते. वाऱ्याचं गणित मात्र वर्गानं वाढतं. ताशी 15 च्या वेगानं जाताना समोरून 15 चा वारा आला, की हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. सामान लादलेल्या सायकलीला तो अर्ध्या-पाऊण किलोवरून थेट अडीच किलोच्या आसपास जातो. वारा पाठीशी असेल तर तेवढ्याच वेगाला हवेचा विरोध जवळजवळ संपतो. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठानं अनेक जण समुद्राकडून उगमाकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट जातात, ते यासाठीच: तिथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. ही वाट युरोव्हेलो 6 या अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या लांब सायकलमार्गाचा भाग आहे. तुम्ही जिथे जाणार तिथे त्या महिन्यात वारा कुठून वाहतो ते आधी बघा, मग सुरुवातीचं गाव ठरवा. आणि दुपारी वारा वाढतो म्हणून जास्तीत जास्त अंतर सकाळी कापा.

दिवसाला 50-60 किलोमीटर पुरे. शेतीचा मुलूख बघायला गेलो आहोत, तर थांबायला वेळ हवा. कुणी बांधावरून हाक मारली तर उतरून दोन शब्द बोलता आले पाहिजेत.

सायकल कुठली, यावर मी फार वेळ घालवणार नाही. मजबूत कॅरिअर बसेल, रुंद टायर मावेल आणि हलका गिअर असेल अशी कुठलीही चालते. पुढे 26 आणि मागे 34 दात असा हलका गिअर मिळाला तर ते टेकडीवरचे चढ बसून चढता येतात. टायर 40 मिलिमीटरच्या आसपासचे, हवा मागे 50-55 पीएसआय, पुढे 40. खच्चून हवा भरली की डांबरावर बरं वाटतं, पण खडीवर हात बधिर होतात. मागच्या चाकाला दोन स्पोक जास्तीचे घ्या, ते फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवता येतात. एक स्पोक तुटला की चाक आऊट होतं आणि ब्रेकला घासायला लागतं.

सामान मात्र निगुतीनं बांधा. माझं सगळं मिळून 12 ते 14 किलो होतं, त्यापेक्षा जास्त झालं की मी परत काढायला बसते. जड वस्तू पिशवीच्या तळाशी, चाकाच्या आसाच्या जवळ. पावसाचं जाकीट सगळ्यांत वर, कारण पाऊस आल्यावर पिशवी उपसत बसायला वेळ नसतो. सगळं वजन मागेच टाकलं तर चढावर हँडल हलकं होऊन वळवळतं. थोडं पुढच्या पिशव्यांत घ्या. निघण्याआधी सीटवर बसून पेडल उलटं फिरवा आणि टाच पिशवीला लागते का बघा. लागत असेल तर पिशवी दोन बोटं मागे सरकवा, नाहीतर दिवसाला हजारो वेळा ती टाच आपटत राहील. आणि कॅरिअरचे बोल्ट पहिल्या दिवशी संध्याकाळी न चुकता आवळा. नव्यानं बसवलेले बोल्ट पहिल्या 60 किलोमीटरमध्येच सैल होतात, हे मी तीनदा पाहिलं आहे.

चिखलाबद्दल जरा जास्तच लिहिते, कारण नदीकाठच्या शेतात सगळ्यांत जास्त हाल त्यानं केले. नदीनं आणलेला बारीक गाळ म्हणजेच चिकण माती. कोरडी असताना तिच्यावरून सायकल लोण्यासारखी जाते. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी ऊन होतं, म्हणून मी डांबरी रस्ता सोडून पाणंदीत शिरले. तीस पावलांत पुढचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये माती इतकी घट्ट बसली होती, की काडी मोडली पण माती हलली नाही. चमच्याच्या दांड्यानं उकरली, दहा पावलं गेले, पुन्हा तेच. शेवटी पिशव्या काढल्या, आधी त्या पुढे नेऊन ठेवल्या, मग सायकल खांद्यावर घेतली. चारशे मीटरला तासाहून जास्त लागला.

आता मी आधी बुटाची परीक्षा घेते. वाटेवर एक पाय जोरात टेकवायचा आणि उचलायचा. तळव्याला बोटभर थर चिकटून आला, तर डांबरावर परत फिरायचं, कितीही वळसा पडो. वाळू मिसळलेली माती असेल तर बूट जवळजवळ स्वच्छ वर येतो, तिथे खुशाल जा. मडगार्ड आणि टायरमध्ये बोट सहज फिरेल एवढी जागा ठेवा. चिकटलेली माती ओली असतानाच काढा. वाळली की विटेसारखी होते. धुताना पाण्याचा जोर चाकाच्या हबवर आणि पेडलच्या आसावर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. चेन फडक्यानं पुसायची, तेल घालायचं, जादा तेल परत पुसायचं.

शेतातून जाताना रस्ता आपला नाही, हे कायम डोक्यात असू द्या. कापणीचं यंत्र समोरून आलं की खाली उतरा, सायकल कडेला घ्या, पण पिकात पाय टाकू नका. उंचावर बसलेल्या चालकाला आपण दिसलोच असं धरू नका, हात वर करा आणि त्यानं मान हलवेपर्यंत थांबा. फवारणी चालू दिसली तर आधी वारा कुठे जातोय ते बघा. आपल्याकडे येत असेल तर लांबच थांबायचं. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. गुरांच्या मागून जाताना घंटी वाजवू नका, दुरूनच बोलत या. माणसाचा आवाज त्यांच्या ओळखीचा असतो, टिणटिण नसते. कुत्रा धावून आला तर मी उतरते, सायकल त्याच्या आणि माझ्यामध्ये धरते आणि चालत राहते. बहुतेक कुत्री शेताची हद्द संपली की थांबतात.

काटेरी कुंपण नुकतंच छाटलेलं असेल, तर तेवढा तुकडा चालत जा. तरीही पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा जिथे असेल तिथे फडकं अडकतं. हे न करता घाईत ट्यूब बदलली की दहा मिनिटांत दुसरीही बसते.

एक शेवटचं, धुक्याचं. आभाळ निरभ्र असलेल्या रात्री थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि पहाटे नदीवर दाट धुकं धरतं. वीस पावलांवरचं दिसत नाही, आणि त्याच वेळी ट्रॅक्टर शेताकडे निघालेले असतात. अशा सकाळी मागचा लाल दिवा लावूनसुद्धा मी निघत नाही. ऊन वर आलं की ते बहुतेकदा विरून जातं. तोवर तंबू उलटा करून वाळत घालते, टायरमध्ये घुसलेले खडे एकेक करून काढते आणि समोरचा काठ हळूहळू दिसायला लागला की पिशव्या अडकवते.