खडबडीत जमिनीवरून स्नोमोबाईल हलवायची असेल तर डॉली घेण्याआधी

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी: पुढे दोन स्की (घसरपट्ट्या), मागे फिरणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक. बर्फ नसेल तिथे ती डॉलीवर, म्हणजे चाकं लावलेल्या चौकटीवर, ठेवून ढकलत न्यावी लागते. डॉलीची माहिती वाचायला बसण्याआधी मोजपट्टी घ्या आणि ज्या वाटेवरून स्नोमोबाईल न्यायची आहे ती वाट एकदा चालून या. सपाट काँक्रीट किती, खडी किती, उतार कुठे लागतो, शेडच्या दाराचा उंबरठा किती उंच आहे, हे सगळं टिपून ठेवा. सगळ्यात मोठा दगड किंवा सगळ्यात खोल चाकोरी दिसेल तिचं माप घ्या, कारण डॉली निवडायची ती त्या मापावरून. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक डॉल्या गॅरेजच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या असतात आणि खडीवर आल्या की पहिल्याच हातभर अंतरात रुतून बसतात.

मग चाकाचा व्यास बघा. समजा वाटेत एक इंच उंचीचा दगड आहे. ५ इंची चाक त्यावर चढवायचं तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या साधारण सव्वा ते दीडपट जोर आडवा लावावा लागतो. १० इंची चाकाला तोच दगड भाराच्या पाऊणपट जोरात ओलांडता येतो. एका चाकावर ६० किलो भार धरला, तर पहिल्या डॉलीला ८० किलोंचा रेटा लागेल आणि दुसरीला ४५ चा. हा फरक पाठीला लगेच कळतो. म्हणून खडी असेल तर १० इंचांच्या खाली जाऊ नका, मग डॉली कितीही देखणी असो. चाक रुंदही हवं, कारण अरुंद चाक मऊ जमिनीत सुरीसारखं शिरतं. हवेचे टायर हादरे खातात, पण पंक्चर होतात. फोम भरलेले टायर जड असले तरी काट्याकुट्यांत बिनघोर चालतात. कडक प्लास्टिकची चाकं फरशीवरच ठीक.

वजन मोजताना कागदावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. कंपनी देते ते बहुधा कोरडं वजन असतं, त्यात पेट्रोल, तेल, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) नसतं. ४० लिटरची टाकी भरली की ३० किलोंच्या आसपास वाढतात, शिवाय ट्रॅकमध्ये अडकलेला बर्फ वेगळाच. बऱ्याच यंत्रांचं वजन २०० ते ३०० किलोंमध्ये येतं, लांब ट्रॅकवाल्या टूरिंग मॉडेलचं त्याहून जास्त. क्षमता बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ताठ चौकटीच्या चार चाकी डॉलीचं एक चाक खाचखळग्यात हमखास हवेत राहतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. त्यामुळे एका चाकाची क्षमता गुणिले तीन, एवढीच खरी धरा.

आता रचना. दोन स्कींखाली दोन आणि ट्रॅकखाली एक असे सुटे तीन तुकडे घेण्याचा मोह होतो, कारण ते कोपऱ्यात मावतात. पण खडबडीत जागी ते आपापल्या दिशेला पळतात आणि स्की फाकतात. निदान पुढचे दोन तुकडे आडव्या दांड्याने जोडलेले असावेत. सगळीकडे फिरणारे कॅस्टर, म्हणजे खुंटीवर गोल वळणारी चाकं, हेही फरशीचेच मित्र. दिशा बदलली की कॅस्टरला अर्धा फेरा घ्यावा लागतो आणि त्या फेऱ्यात तो खडी उकरत खाली जातो. माझं मत स्पष्ट आहे: मागे सरळ, न वळणारी दोन मोठी चाकं आणि पुढे दांड्याने वळवता येणारी जोडी. वळायला जागा जास्त लागते, ते चालवून घ्या.

मापं स्वतःच्या यंत्राचीच घ्या: दोन स्कींमधलं अंतर आणि ट्रॅकची रुंदी. डॉलीच्या १५ इंची ट्रॅकसाठी बनलेल्या तबकात २० इंची ट्रॅक बसत नाही. स्कीखालच्या कार्बाईडच्या (फार कठीण पदार्थाच्या) पट्ट्या टोकदार असतात, त्यामुळे त्या टेकतात तिथे जाड रबर किंवा खाच आहे ना, हे बघा. ट्रॅकला खिळे असतील तर तबकाची तीच काळजी.

कुणी सांगेल, एवढा खटाटोप कशाला, स्कीला चाकं अडकवा आणि इंजिन चालू करून न्या. चार पावलं ठीक. पण ट्रॅकच्या आतल्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना वंगण आणि गारवा बर्फाचाच मिळतो, लिक्विड कूल्ड इंजिनही उष्णता बर्फावरच सोडतं. कोरड्या खडीवर पट्ट्या झिजतात, इंजिन तापतं, आणि मागे उभ्या असलेल्यावर दगड उडतात.

नेण्याच्या दिवशी टायरची हवा, चाकांचे बोल्ट आणि बेअरिंग बघून घ्या. पुढून एक, मागून एक असे दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे पट्टे) ओढून बांधा, पण पट्टा ब्रेकच्या नळीवर किंवा स्टीअरिंगच्या रॉडवर नको. पार्किंग ब्रेक लावा, तरी त्याच्यावर विसंबू नका: यंत्र डॉलीवर आहे, ट्रॅक थांबला तरी चाकं धावणारच. म्हणून डॉलीलाच ब्रेक हवा, नाहीतर लाकडी ठोकळे घेऊन एक माणूस बाजूने चालावा. उतारावर यंत्राच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, मग यंत्र शेडच्या कितीही जवळ आलेलं असो. फार मऊ पट्टा असेल तर प्लायवूडचे दोन लांब तुकडे आलटून पालटून पुढे टाकत जा. काम झाल्यावर चौकटीखाली ठोकळे देऊन हवेच्या टायरवरचा भार काढा, नाहीतर पुढच्या मोसमापर्यंत ते एका बाजूला चपटे झालेले मिळतील.