जुन्या गाडीच्या चासीतला लपलेला गंज कसा तपासावा

मालवण, रत्नागिरी किंवा अलिबाग परिसरात दहा-बारा वर्षे फिरलेली जीप अथवा पिकअप घेताना बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात आणि रंग पाहतात. गाडीचा सारा भार जिच्यावर असतो, त्या चासीखाली वाकून पाहणारे मात्र थोडेच. बाहेरून दिसणाऱ्या तांबूस थराची फारशी चिंता करू नये, कारण तो खरवडून रंगवता येतो. खरा धोका आतून येतो. बऱ्याच गाड्यांत चासीचे लांब दांडे पोकळ असतात. चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्या छिद्रांतून आत जातो, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात आणि खारट, ओल्या मातीखाली लोखंड आतून झिजत राहते. बाहेरचा रंग तोवर शाबूत असू शकतो. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथेही हेच घडते. अमेरिकेत टोयोटाने 2016 साली टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या मॉडेलांच्या ठरावीक वर्षांच्या सुमारे 15 लाख गाड्यांबाबत चासी तपासून देण्याची, आणि गंजाने भोक पडले असल्यास ती बदलून देण्याची तडजोड केली होती.

तपासणीपूर्वी गाडीचा तळ धुऊन पूर्ण वाळू द्यावा. शक्यतो गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी न्यावी. घरी तपासायची असेल, तर सपाट जागी चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून अडसर) लावावी आणि घोड्या (गाडी उचलून धरणारे लोखंडी स्टँड) चासीला न लावता अ‍ॅक्सलखाली लावाव्यात, कारण जी चासी कुजल्याचा संशय आहे तिच्यावरच भार देणे शहाणपणाचे नाही. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये.

नंतर लहान हातोडीने पुढून मागे दर काही इंचांवर दोन्ही दांडे ठोकत जावे. जाड, निरोगी लोखंड खणखणीत वाजते. पातळ झालेल्या किंवा आत माती साचलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो. मागच्या अ‍ॅक्सलवर चासी जिथे वर वळते तो भाग, स्प्रिंगच्या पाट्या चासीला जोडणारे हँगर, बॉडी टेकवलेल्या रबरांभोवतालची जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे यांवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण चिखल तिथेच अडकतो आणि ताणही तिथेच येतो. बद्द आवाजाच्या जागी जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर देऊन दाबावा. पत्रा दबला किंवा पापुद्रे सुटले, तर तिथली ताकद गेली आहे असे समजावे. लोहचुंबक नीट चिकटत नसेल, तर आत लांबी (भोके बुजवायची पुट्टी) भरलेली असण्याची शक्यता असते. मोबाईलला जोडता येणारा लहान कॅमेरा छिद्रांतून आत घातल्यास थर, ओल आणि माती प्रत्यक्ष दिसते. चासीलगत जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइपही याच वेळी पाहावेत. क्लिपांखाली ते गुपचूप गंजतात, आणि पाइप फुटला की पॅडल खाली जाते.

विक्रीच्या तोंडावर तळाला ताजा काळा डांबरी लेप दिलेला असेल, तर माझ्या मते तो गाडीचा गुण नव्हे, शंकेचे कारण आहे. विक्रेत्याने तो एक-दोन जागी खरवडू दिला नाही, तर सौदा सोडून द्यावा.

वेगळी चासी नसलेल्या मोटारींत दारांखालचे उंबरे, जॅक लावायच्या जागा आणि सस्पेन्शनचे वरचे सांधे याच रीतीने पाहावेत.

हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्स बसवलेल्या जागी भोक आढळल्यास गाडी चालवणे थांबवावे. तिथे वरून पत्र्याचा तुकडा जोडणे ही दुरुस्ती नव्हे. कुजलेला भाग निरोगी लोखंडापर्यंत कापून, योग्य जाडीचा पत्रा जाणकार वेल्डरकडून बसवून घ्यावा, बॅटरीची जोडणी आधी काढावी आणि इंधनाची टाकी जवळ असल्यास ती उतरवावी. चासी क्रमांक कोरलेल्या भागाला हात लावण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करावी. गंज वरवरचा असेल, तर आतली माती पाण्याने काढून, पोकळी कोरडी झाल्यावर तिच्यात मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत.